दोन थॉमस : एका परदेशगमनाची हकीकत

या ज्युबिली-स्मरणिकेसाठी आम्ही आपल्या धर्मग्रामाचा इतिहास लिहावा अशी व्यवस्थापक मंडळींची इच्छा होती, व तसे वचनही आम्ही त्यांस दिले होते. परंतु देवळाचा पाया कसा घातला गेला, विहिरीस पाणी किती हातांवर लागले, पहिल्या पावसाळ्यात कौले कशी उडाली, ही सर्व हकीकत आमच्या वडीलधाऱ्या मंडळींनी या अंकात आमच्याहून सरस सांगितली आहे. ज्यांनी आपल्या खांद्यावरून दगड वाहिले त्यांच्या पुढे आम्ही काय लिहावे? यास्तव वचनभंगाचा दोष पत्करून आम्ही एक निराळीच, पुष्कळ जुनी गोष्ट सांगणार आहो. ती सांगण्यास निमित्त मात्र अगदी ताजे आहे.

आमच्या मंडळीतील चार तरुण, दोघे शहापूरकडील व दोघे मुरबाडकडील, एकाच शाळेच्या बाकावर वाढलेले, एके सायंकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. चौघांनी मिळून इटली देशी जावे, रोम शहर डोळ्यांनी पाहावे, आणि नुसती देवळे पाहून न परतता तेथील खेड्यांत लोकांच्या घरी राहून त्यांची चालरीत समजून घ्यावी, असा त्यांचा बेत ठरला होता. तेव्हापासून रोज एक नवी शंका घेऊन ते येऊ लागले. तिकडे भात मिळतो काय? हाताने जेवले तर यजमान रागावेल काय? लसणीची चटणी किती नेऊ देतात? एकाने तर वहीत इटालियन भाषेचे पन्नास शब्द देवनागरी लिपीत उतरून काढले होते व त्यांचा उच्चार तो असा काही ठसक्यात करी की, रोममधील गाडीवाला ते ऐकून घोडा सोडून पळेल असे आम्ही त्यास विनोदाने म्हणालो. आम्ही सेमिनरीत लॅटिन शिकलो तेव्हा आमचेही उच्चार असेच डोंगरी होते, हे मात्र त्यास सांगितले नाही.

पुढे चौघांपैकी एकाचे वडील अर्धांगवायूने अंथरुणास खिळले. घरी भाताची लावणी व्हावयाची, धाकट्या बहिणी शाळेत जाणाऱ्या. त्याचे जाणे राहिले. त्याने भरलेली पिशवी माळ्यावर ठेवून दिली. परंतु सायंकाळची बैठक सोडली नाही. तो येतो, बाकीच्या तिघांच्या याद्या तपासतो, आणि सर्वांच्या आधी उठून जातो. त्यास काय सांगावे हे आम्हांस सुचेना. तेव्हा आम्ही त्यास दोन थॉमसांची गोष्ट सांगितली, व तीच येथे लिहून काढीत आहो.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात इलिझाबेथ राणीचे राज्य होते. इ. स. १५५९ च्या कायद्याने तेथे कॅथलिक मिस्सा निषिद्ध झाली. जो जुन्या धर्माला धरून राही त्यास दंड, तुरुंग, आणि पुढे पुढे देहान्त शासनही होऊ लागले. अशा काळात हँपशर परगण्यातील बेलमाँट येथे थॉमस पाउंड नावाचा एक श्रीमंत गृहस्थ होता. जन्म १५३९ चा. मातुल घराणे साउदॅम्प्टनच्या अर्लचे. राजदरबारी वजन, नृत्यात प्रवीण, पोशाखाचा षोकी. म्हणतात की, एकदा राणीसमोर नाच करीत असता एका अवघड गिरकीत तो तोल जाऊन पडला, आणि राणीने त्यास हसून लाथेने डिवचले व बैलाची उपमा देऊन उठण्यास फर्माविले. तो उठला तो दरबारातून जो निघाला, तो पुन्हा तेथे गेला नाही. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, या सुमारास पाउंडने ऐहिक थाट सोडला व उपास, प्रार्थना आणि तुरुंगातील कॅथलिकांस साहाय्य यांत तो दिवस घालवू लागला, एवढे निश्चित.

याच पाउंडचा स्नेही दुसरा थॉमस, म्हणजे थॉमस स्टीफन्स. हा विल्टशर परगण्यातील बुश्टन गावचा, सुमारे १५४९ साली जन्मलेला. बाप लंडनचा व्यापारी. वयाने दहा वर्षांनी लहान, कुळाने उतरता. परंतु दोघांची मने एक झाली. शंका येऊ नये म्हणून स्टीफन्स पाउंडचा चाकर होऊन त्याच्याबरोबर फिरे. बाहेर धनी व चाकर, आणि दार लावून घेतले म्हणजे दोघे मित्र, असे सुमारे दोन वर्षे चालले. रोमला जावे व येशूसंघात प्रवेश करावा हा बेत दोघांनी याच काळात केला. संत फ्रान्सिस झेवियरची हिंदुस्थानातून आलेली पत्रे त्या वेळी युरोपभर वाचली जात होती. ज्या देशाची भाषा, अन्न, हवा यांपैकी काहीच ओळखीचे नाही अशा देशी जाण्याची तळमळ त्या पत्रांनी कितीएक तरुणांच्या ठायी उत्पन्न केली.

निघण्याची सिद्धता झाली, आणि पाउंड पकडला गेला. हे १५७४ च्या सुमारास घडले. धनी तुरुंगात, चाकर मोकळा. आता चाकराने काय करावे?

आमच्या त्या चौथ्या तरुणाने येथे आम्हांस थांबवून विचारले, "फादर, मग तो दुसरा थांबला का नाही?" प्रश्न रास्त होता. स्टीफन्स थांबला नाही. तो एकटाच रोमला गेला व २० ऑक्टोबर १५७५ रोजी सांत आंद्रेआच्या नवशिष्यगृहात दाखल झाला. परंतु तो मित्राला विसरला म्हणावे तर तसेही नव्हे. रोमच्या विद्यालयात शिकत असता नोव्हेंबर १५७८ मध्ये त्याने येशूसंघाचे मुख्य फादर मर्क्युरियन यांजकडे एक अर्ज लिहून दिला. त्यात आपल्या मित्राचे सर्व चरित्र, त्याचे तप व त्याचा कारावास यांचे वर्णन करून, ज्यास येथवर येता येत नाही त्यास तो आहे तेथेच संघात घ्यावे, अशी विनंती केली. ती मान्य झाली. १ डिसेंबर १५७८ च्या पत्राने थॉमस पाउंड तुरुंगात असताच येशूसंघाचा बंधू झाला. आणि त्यानंतर चारच महिन्यांनी, ४ एप्रिल १५७९ रोजी, स्टीफन्स लिस्बन बंदरात गोव्याच्या जहाजावर चढला. आधी मित्राचे काम, मग आपला प्रवास, हा क्रम आम्ही त्या तरुणास दोनदा सांगितला.

प्रवासाची हकीकत आपणांस ठाऊक आहे, कारण गोव्यास पोहोचल्यावर थोड्याच दिवसांनी, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, स्टीफन्सने लंडनला आपल्या वडिलांस एक लांब पत्र लिहिले, व ते पुढे १५८९ साली हॅक्लुइटच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले गेले. त्यात उपदेश फारच थोडा आहे. व्यापाऱ्याच्या मुलाने व्यापारी बापास लिहावे तसे ते नजरेने टिपलेल्या गोष्टींनी भरलेले आहे. पाच जहाजे तुताऱ्यांच्या नादात व तोफांच्या सलामीत निघाली. मदिरा बेटांजवळ येताच एका इंग्रज जहाजाने त्यांवर गोळे टाकले! स्वदेश सोडून निघालेल्या या इंग्रजाला वाटेत पहिली गाठ पडली ती स्वदेशाच्या तोफेची. पोर्तुगीज जहाजाने आपल्या मोठ्या तोफा पुढे करताच ते इंग्रज जहाज निघून गेले. पुढे विषुववृत्ताजवळ वारा पडला व दिवसेंदिवस जहाजे एका जागी उभी राहिली. आफ्रिकेच्या टोकाशी सुकाणूवाल्याच्या चुकीने जहाज खडकाळ किनाऱ्याच्या इतके जवळ गेले की, लोकांनी आशा सोडली. उशीर झाल्यामुळे मादागास्करच्या बाहेरून लांबचा मार्ग धरावा लागला. हिरड्या सुजून दात हालतात व अंग जड होते त्या समुद्ररोगाने कितीएक पडले. हिंदुस्थान आता दिसणार अशा समजुतीत असता जवळ आढळले ते तांबड्या समुद्राच्या मुखाजवळचे सकोत्रा बेट!

ही चूक का होत असे, तेही त्याने वडिलांस समजावून दिले आहे. उत्तरेस वा दक्षिणेस किती आलो हे सूर्य व तारे सांगतात. परंतु पूर्वेस किती आलो हे सांगणारी खूण आकाशात नाही, म्हणून खलाशी होकायंत्राच्या सुईचा कल, पक्ष्यांच्या जाती व पाण्यावर वाहत येणारे तण यांवर भिस्त ठेवितात. आमच्या तिघा प्रवाशांस विमानात बसल्याजागी आपण कोठे आहो हे समोरच्या पडद्यावर दिसेल. तरीही परक्या मुलखात आपण नक्की किती आत शिरलो आहो हे कळण्यास अद्याप पक्ष्यांवर व तणांवरच नजर ठेवावी लागते, असे आमचे मत आहे.

२४ ऑक्टोबर १५७९ रोजी जहाज गोव्यास लागले. भारतात येऊन राहिलेला ज्ञात असा पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार या स्टीफन्सचे नाव घेतात. त्याच्या पत्राच्या शेवटी माडाचे वर्णन आहे, आणि आमच्या कोकणी वाचकांस ते मोठे गमतीचे वाटेल: तेल, मद्य, गूळ, दोर, जळण, सर्व काही या एका झाडापासून निघते याचा त्या इंग्रजास केवढा अचंबा!

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. फादर स्टीफन्स यांनी आपले आयुष्य साष्टीत घालविले असे ग्रंथांतून वाचले म्हणजे आमच्या ठाणे जिल्ह्यातील मंडळी ती साष्टी म्हणजे ठाणे-वांद्र्याची साष्टी असे समजतात. तसे नव्हे. ही साष्टी गोव्याची, म्हणजे मडगाव, कुंकळ्ळी व रायतूर यांच्या आसपासचा प्रदेश. नावे सारखी असल्यामुळे घोटाळा होतो, आणि एका जुन्या स्मरणिकेत खुद्द आम्हीच तो केलेला आहे.

त्या साष्टीची स्थिती कशी होती हे झाकून ठेवावे असे आम्हांस वाटत नाही. १५६७ साली पोर्तुगिजांनी तेथील देवळे पाडली होती. लोकांच्या पोथ्याही त्यांच्याजवळ राहू दिल्या नव्हत्या. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती लोकांच्या हातून मारले गेले. त्यांना ख्रिस्तसभा हुतात्मे म्हणून पूज्य मानते, व आम्हीही मानतो. परंतु त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावच्या पुढाऱ्यांस बोलावून आणून मारले, हेही तितकेच खरे आहे, आणि त्या गावकऱ्यांच्या दुःखासही इतिहासात जागा आहे. त्या वेळी फादर स्टीफन्स साष्टीचे रेक्टर होते, व आपल्या बांधवांचे देह परत आणून त्यांस माती देण्याचे काम त्यांजवर पडले.

याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी पॅरिस येथे आपल्या भावास, रिचर्ड यास, लॅटिनमध्ये पत्र लिहिले. त्यात मरणाचे वर्तमान आहे, आणि त्याच पत्रात इकडील भाषांविषयी असे निरीक्षण आहे की, त्यांचे उच्चार रुचकर आहेत व त्यांची घडण लॅटिन व ग्रीक यांच्यासारखी आहे. संस्कृत व युरोपीय भाषा यांचे कूळ एक, हे शास्त्र पुढे दोनशे वर्षांनी विद्वानांनी सिद्ध केले. मृतांस पुरून आल्यावर त्याच लोकांच्या भाषेचे सौंदर्य ज्यास दिसते, त्याच्याविषयी आम्हांस अधिक काही लिहिता येत नाही.

ओघाने आले म्हणून आणखी एका प्रवासाची हकीकत सांगतो, कारण ती आपल्या जिल्ह्यास शिवून जाते. १५८३ सालीच न्यूबेरी, फिच, लीड्स व स्टोरी असे चार इंग्रज व्यापाराच्या आशेने निघाले. हर्मुझ बंदरात पोर्तुगिजांनी त्यांस हेर समजून धरले व गोव्याकडे रवाना केले. वाटेत दमण, वसई, ठाणे ही बंदरे लागली. फिचने लिहून ठेविले आहे की, वसई व ठाणे येथे व्यापार थोडा, आणि तोही धान्याचा व तांदळाचा. वाचून आम्हांस हसू आले. घाटाखालचे भात बैलांच्या पाठीवरून कल्याण-ठाण्याच्या बाजारी नेणारे आमचे शहापूर-मुरबाडकर आजे-पणजे त्यास भेटले असते, तर त्यांनी त्यास तांदळाच्या जाती मोजून दाखविल्या असत्या! गोव्याच्या तुरुंगात या चौघांसाठी खटपट करून त्यांस जामिनावर सोडविण्यात फादर स्टीफन्स यांचा हात होता. मदिरेजवळ ज्यांच्या तोफा त्यांजवर चालल्या त्यांचेच हे देशबांधव. पुढे त्या चौघांच्या चार वाटा झाल्या. स्टोरी चित्रकार होता; तो गोव्यातच राहिला. लीड्स जवाहिऱ्या अकबर बादशहाच्या चाकरीस लागला. न्यूबेरी खुष्कीच्या वाटेने स्वदेशी निघाला, त्याचे पुढे नावही ऐकू आले नाही. फिच एकटा १५९१ साली लंडनला पोहोचला. हे ऐकून आमचे तिघे प्रवासी एकमेकांकडे पाहू लागले, तेव्हा आम्ही विषय बदलला.

परदेशगमन एकाच दिशेने होत असे असेही नव्हे. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया बाळपणीच येशूसंघीयांबरोबर जपानात गेला, तेथील भाषा जपान्यासारखी शिकला, आणि फ्रान्सिस्कन बंधू होऊन १५९३ साली मनिलाहून फादर पेद्रो बाप्तिस्ता यांजबरोबर दुभाषी म्हणून पुन्हा तेथे गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे तो क्रुसावर मेला, व १८६२ साली संतपदास चढला. त्याचे चरित्र आपणां सर्वांस पाठ आहे. आम्ही एवढेच दाखवू इच्छितो की, मनिलाच्या त्या मित्रमंडळीत शिकलेले पाद्री पुष्कळ असता, जपानी दरबारात तोंड उघडण्यास वसईच्या या साध्या बंधूवाचून चालले नाही.

फादर स्टीफन्स यांनीही हेच ओळखले. त्यांनी लोकांची कोकणी आत्मसात केली, आणि तेवढ्यावर न थांबता ओवीबद्ध मराठी काव्याचा अभ्यास केला. ज्यांच्या पोथ्या गेल्या त्या नवख्रिस्ती लोकांना संध्याकाळी ऐकावयास काहीच उरले नव्हते. आमच्यासाठी पुराण का नाही, असा प्रश्न एक ब्राह्मण ख्रिस्ती विचारतो, आणि त्यातूनच ग्रंथ सुरू होतो. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. ज्या शब्दाने ऐकणाऱ्याच्या आजीचे मन हलत असे तोच शब्द त्यांनी उचलला, आणि तो उचलण्यास त्या काळी धैर्य लागत होते. देवनागरी अक्षरांचे खिळे पाडून मिळावेत यासाठी त्यांनी १६०८ साली रोमला लिहिले होते. अक्षरे शेकड्यांनी, म्हणून खर्च भारी. ते झाले नाही, व मराठी ग्रंथ रोमन लिपीत निघाला. देवनागरीत तो वाचकांच्या हाती यावयास १९५६ साल उजाडावे लागले. त्यांचे कोकणी व्याकरण त्यांच्या मरणानंतर १६४० साली प्रसिद्ध झाले.

आम्ही वसईकडून प्रथम या मुलखात आलो तेव्हा सेमिनरीतील प्रवचनकलेचे बक्षीस आमच्या पेटीत होते. पहिल्या रविवारी आम्ही डोंगराकडच्या एका पाड्यावर अर्धा तास अलंकारिक मराठीत प्रवचन केले. मिस्सा संपल्यावर एक कातकरी म्हातारी जवळ येऊन म्हणाली, "फादर, तू बोलतूस ग्वाड, पन आमाला काय कळं नाय." वसई ते शहापूर हा काही सहा महिन्यांचा सागरप्रवास नव्हे, तरी आमचेही जहाज त्या दिवशी सकोत्र्यालाच लागलेले होते. त्या म्हातारीने पुढे दोन वर्षे आम्हांस भाताच्या, पावसाच्या व माशांच्या बोली शिकविल्या. आज ती हयात नाही. तिचे नाव स्मरणिकेच्या देणगीदारांच्या यादीत आढळणार नाही, म्हणून तिचा उल्लेख येथे केला.

आता पहिल्या थॉमसाकडे परत जाऊ. पाउंड एका तुरुंगातून दुसऱ्यात असा सुमारे तीस वर्षे बंदिवासात होता. १५८० साली फादर एडमंड कॅम्पियन इंग्लंडात आले, तेव्हा त्यांचे जाहीर निवेदन लोकांपर्यंत पोहोचले ते याच कैद्याच्या हातून. इलिझाबेथ राणी १६०३ साली वारल्यानंतर तो सुटला. त्याने रोम पाहिले नाही. नवशिष्यगृहाचा उंबरठा ओलांडला नाही. तरी तो मरेपर्यंत येशूसंघाचाच बंधू होता, आणि ते त्याच्या मित्राने गोव्याच्या वाटेस लागण्यापूर्वी लिहिलेल्या एका अर्जामुळे. १६१५ साली बेलमाँट येथील आपल्या घरी तो मरण पावला. पुढच्या वर्षी रायतूरला पुराण छापून झाले. १६१९ साली, चाळीस वर्षे या देशात घालवून, फादर स्टीफन्स गोव्यातच देवाघरी गेले.

ही गोष्ट सांगून झाली तेव्हा रात्र झाली होती. तिघांनी आपापसांत काही ठरविले ते आम्हांस दुसऱ्या दिवशी कळले: दर रविवारी तिघांपैकी एकाने चौथ्यास पत्र लिहावयाचे, खरे, कागदावरचे, आणि त्यात देवळांचे वर्णन कमी व लोक काय पेरतात, काय खातात, म्हाताऱ्यांशी कसे बोलतात, हे अधिक असावयाचे. चौथ्याने त्या बदल्यात इकडील बोलीचे शब्द वहीत उतरून ठेवावयाचे, कारण पन्नास इटालियन शब्द गोळा करणाऱ्यास आपल्या पाड्यावरचे पन्नास शब्द येत नाहीत, हे त्याने सर्वांदेखत सिद्ध करून दाखविले होते. जाण्याचा दिवस ठरला आहे. मुरबाडचा एक जण आदल्या रात्री शहापुरास मुक्कामी येईल, आणि पहाटेच्या गाडीसाठी तिघांचे सामान आसनगाव स्थानकापर्यंत चौथाच आपल्या शेजाऱ्याच्या टेंपोतून नेणार आहे. लसणीची चटणी त्याच्याच आईने कुटली आहे.